फायनलला नाव कुणाचं लागतं?

बास्केटबॉलच्या कुठल्याही स्पर्धेत संघांसोबत रेफरीही बाद होत असतात. साखळी सामन्यांना तीस रेफरी लागत असतील तर उपांत्यपूर्व फेरीला त्यातले निम्मे पुरतात, आणि फायनलला उभे राहतात तिघेच. उरलेले टेबलवर स्कोअरशीट लिहितात, प्रेक्षकांत बसतात किंवा बॅग भरून रात्रीची एसटी पकडतात. संघ का बाहेर गेला ते फलकावर दिसतं. रेफरी का बाहेर गेला हे बहुतेक वेळा कुणीच सांगत नाही, आणि त्याला स्वतःला विचारायचा संकोच वाटतो.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांत शिट्टी घेऊन उभा राहण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि आता गुडघ्यांमुळे धावणं कमी झाल्यावर निरीक्षक म्हणून बाजूला बसतो. त्यामुळे ‘अमुक चूक केली म्हणून तमुकला पुढचा सामना द्यायचा की नाही’ या चर्चेत आता मलाही मत द्यावं लागतं. हे मत हलक्याने द्यायचं नाही एवढं मी ठरवलं आहे. त्यासाठी मोठ्या स्पर्धांत हा प्रश्न कसा हाताळला गेला ते मी बारकाईने बघत आलो आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

सगळ्यात जास्त मनात राहिलेलं प्रकरण 2019च्या विश्वचषकातलं. 7 सप्टेंबरला चीनमधल्या नानजिंगला फ्रान्स आणि लिथुआनिया समोरासमोर होते. लिथुआनिया आधी ऑस्ट्रेलियाकडून हरलेला, म्हणजे हा सामना गेला की स्पर्धा संपली. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं असताना फ्रान्स एका गुणाने पुढे, आणि लिथुआनियाचा योनास व्हॅलान्च्युनास फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट, घेत होता. ती पडली असती तर बरोबरी. चेंडू रिंगवर खेळत असताना फ्रान्सच्या रूडी गोबेअरने नियमाबाहेर हस्तक्षेप केला आणि तिन्ही रेफरींपैकी कुणाचीही शिट्टी वाजली नाही. फ्रान्स 78-75 ने जिंकला. लिथुआनियाच्या प्रशिक्षकांचा पत्रकार परिषदेत संयम सुटला. त्यानंतर फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, जाहीरपणे चूक मान्य केली आणि सांगितलं की या तिघांना या विश्वचषकात आता एकही सामना मिळणार नाही.

चूक मान्य केली याबद्दल मला फिबाचा आदर वाटतो. अनेक संघटना असल्या वेळी तोंड उघडत नाहीत. पण ‘तिघांना’ या शब्दापाशी मी अडतो. तीन रेफरींच्या पद्धतीत तिघांच्या जागांना लीड, सेंटर आणि ट्रेल म्हणतात, आणि प्रत्येकाची नजर कुठे असावी हे ठरलेलं असतं. फ्री थ्रोच्या वेळी लीड बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर असतो, चेंडू देतो आणि रिबाउंडसाठी (हुकलेला चेंडू पकडायला) उभ्या असलेल्या खेळाडूंच्या हाता-खांद्यांवर लक्ष ठेवतो. चेंडूचा प्रवास आणि रिंगवरचा हस्तक्षेप बघायची जबाबदारी सेंटर आणि ट्रेलची. लीडने मान वर करून रिंगकडे बघितलं तर खाली होणारी ढकलाढकल सुटते, आणि तेव्हा त्याला तुम्ही त्यासाठी धराल. मग त्या क्षणी लीड असलेल्या माणसाने नेमका कुठला नियम मोडला होता? तो आपल्या जागी, आपलं काम करत होता.

याला उत्तर असं दिलं जातं की रेफरी हा संघ आहे, सामना तिघांचा असतो. अगदी खरं. सामन्याआधी तिघांनी एकत्र बसून बोलायचं, एकमेकांना नजरेने सांभाळायचं, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवतो. पण सामना तिघांचा असला तरी मूल्यमापन एकेकाचं व्हायला हवं. नाहीतर आज कुणासोबत ड्यूटी लागली यावर माणसाची स्पर्धा ठरते.

आणखी एक गोष्ट त्या सामन्याने दाखवली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे शेवटच्या दोन मिनिटांत रेफरींना गोलटेंडिंग (रिंगकडे खाली येणारा चेंडू अडवणं) किंवा हस्तक्षेपाचा व्हिडिओ बघता येत होता, पण शिट्टी वाजलेली असेल तरच. ती बरोबर वाजली का एवढंच तपासायचं. वाजलीच नाही तर तपासायला जागाच नाही. म्हणजे शंका असतानाही शिट्टी वाजवणाऱ्याला पडद्याचा आधार होता आणि न वाजवणाऱ्याला काहीच नव्हता. हा भाग नव्या रेफरींना मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांना उलटंच वाटत असतं. त्यांना वाटतं की शिट्टी वाजवली तरच आपण धोक्यात येतो.

त्यांना तसं वाटण्याचं कारण आहे, आणि ते आपल्या स्पर्धांतच आहे. त्याकडे येतो, पण आधी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगबद्दल.

एनबीएमध्ये प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या, सुरू होताना पहिल्या फेरीसाठी 36 रेफरी निवडले जातात. फेरीगणिक यादी लहान होत जाते आणि फायनल्ससाठी 12 उरतात. प्रत्येक फेरीनंतर लीगचा रेफरी विभाग कामगिरी तपासतो आणि पुढची नावं ठरवतो. ही निवड करताना तीन गोष्टी बघितल्या जातात: विभागातल्या वरिष्ठांनी लावलेला क्रम, निर्णयांची अचूकता, आणि संघांनी दिलेला क्रम. संघांचंही मत घेतात हे वाचून पहिल्यांदा मला धक्का बसला होता. ज्यांच्याविरुद्ध आपण शिट्टी वाजवतो त्यांनीच आपल्याला गुण द्यायचे? पण विचार केल्यावर पटलं. तीसही संघांकडून मत घेतलं तर एखाद्याचा राग त्यात बुडून जातो. आपल्याकडे एकाच संघाचा मॅनेजर आयोजकांच्या कानाशी लागतो आणि तेवढ्यावर नाव कापलं जातं. त्यापेक्षा सगळ्यांना विचारलेलं बरं.

या यादीत मला भावतं ते अचूकता मोजणं. मोजायचं म्हटलं की वाजलेल्या शिट्ट्या आणि न वाजलेल्या शिट्ट्या दोन्ही मोजाव्या लागतात. मार्च 2015 पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक घटनेपुढे चारपैकी एक शेरा असतो: बरोबर शिट्टी, बरोबर सोडलेलं, चुकीची शिट्टी, चुकीचं सोडलेलं. हे अहवाल कुणीही उघडून वाचू शकतं. मी हंगामात जमेल तसे वाचतो. त्यात चुकीच्या शिट्ट्या फार सापडत नाहीत, सापडतं ते चुकीने सोडलेलं. जगातले सर्वोत्तम रेफरी जेव्हा चुकतात तेव्हा बहुतेकदा गप्प राहून चुकतात.

रेफरींच्या संघटनेला हे अहवाल कधीच आवडले नाहीत आणि ते बंद करावेत अशी मागणी त्यांनी केली आहे. त्यांची बाजूही मला कळते. अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी दोनच मिनिटं लोकांसमोर मांडली की बाकीची शेहेचाळीस जणू झालीच नाहीत असं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एखाद्या मोठ्या खेळाडूला चुकीचा चौथा फाऊल दिला आणि तो बाकावर जाऊन बसला, तर सामना तिथेच फिरलेला असू शकतो. त्याची नोंद त्या कागदावर येत नाही. पण लीगच्या अंतर्गत मूल्यमापनात पूर्ण सामना असतो, आणि पुढच्या फेरीची निवड त्यावर होते. लोकांना दिसणारी चूक वेगळी आणि निवड समितीच्या हिशोबातली चूक वेगळी, एवढं अंतर तिथे राखलं आहे.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे एनबीएचा रेफरी जोई क्रॉफर्ड. एकाच माणसाच्या बाबतीत दोन वेगळ्या प्रकारच्या चुका, आणि दोन वेगळे परिणाम. 15 एप्रिल 2007 ला डॅलसमधल्या सामन्यात सॅन अँटोनियोचा टिम डंकन बाकावर बसून हसत होता. क्रॉफर्डने त्याला टेक्निकल फाऊल (वागणुकीसाठीचा फाऊल) देऊन मैदानाबाहेर काढलं. मारामारी करायची आहे का असं क्रॉफर्ड विचारत होता, असं डंकनने नंतर सांगितलं. दोनच दिवसांनी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी क्रॉफर्डला उरलेल्या हंगामासाठी आणि संपूर्ण प्लेऑफसाठी निलंबित केलं. 1986 पासून दर वर्षी फायनल्सला उभा राहणारा माणूस त्या वर्षी घरी बसला. सप्टेंबरमध्ये त्याला परत घेतलं.

पुढच्या वर्षी, 27 मे 2008 ला, तोच क्रॉफर्ड सॅन अँटोनियो आणि लेकर्सच्या सामन्यात होता. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलचा चौथा सामना. शेवटच्या दोन सेकंदांत सॅन अँटोनियोच्या ब्रेंट बॅरीवर लेकर्सचा डेरेक फिशर आदळला, शिट्टी वाजली नाही आणि लेकर्स 93-91 ने जिंकले. दुसऱ्या दिवशी लीगने मान्य केलं की फाऊल द्यायला हवा होता. मालिका 2-2 होण्याची शक्यता गेली आणि ती 3-1 झाली. चूक म्हणून बघितली तर दुसरी कितीतरी महाग. पण क्रॉफर्डची कारकीर्द तिने थांबली नाही. नंतरच्या वर्षांतही तो फायनल्सला उभा राहिला आणि 2016 मध्ये निवृत्त झाला.

मला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात. फिशर-बॅरी प्रसंगात रेफरीने बघितलं, क्षणात ठरवलं, आणि ते चुकलं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं. डंकनच्या प्रसंगात रेफरीने स्वतःचा राग शिट्टीत घातला. पहिल्या प्रकारच्या चुका हजार निर्णयांत मोजून माणसाची पातळी ठरवता येते. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला बाकीचे हजार निर्णय तारून नेऊ शकत नाहीत, कारण त्यानंतर समोरच्या संघाला प्रत्येक शिट्टीमागे वैर दिसायला लागतं. पुढच्या फेरीचं नाव कापायचंच असेल तर अशा चुकीसाठी कापावं.

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचं गणित आणखी कठोर आहे. मार्चमध्ये सुरू होणाऱ्या एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे रेफरी एनबीएसारखे पूर्णवेळ नोकरीत नसतात. हंगामभर वेगवेगळ्या कॉन्फरन्ससाठी (कॉलेजांच्या गटांसाठी) सामन्यागणिक काम करतात, अनेकांचा दुसरा व्यवसाय असतो. फायनल फोरला पोचणं म्हणजे त्यांच्यासाठी शिखर. दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम, प्रत्येकाला वेगळे तिघे, म्हणजे मैदानावर नऊ जण आणि काही राखीव. जो उपांत्य सामना करतो तो अंतिम करत नाही.

या व्यवस्थेतला एक सामना मी अनेकदा मुलांना दाखवला आहे. 6 एप्रिल 2019, मिनियापोलिस, उपांत्य सामना, व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न. ऑबर्न दोन गुणांनी पुढे, शेवटची काही सेकंदं. व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा चेंडू त्याच्याच पायाला लागून उडाला, त्याने तो दोन्ही हातांनी पकडला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केलं. डबल ड्रिबल. शिट्टी नाही. थोड्याच वेळाने, घड्याळात 0.6 सेकंद उरलेले असताना, काइल गायने तीन गुणांचा शॉट मारला आणि त्याच्यावर फाऊल दिला गेला. तिन्ही फ्री थ्रो पडल्या. 63-62. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेता झाला.

मुलांना मी क्लिप दोन तुकड्यांत दाखवतो. आधी फक्त फाऊल. ‘अशा वेळी फाऊल देणार का?’ असं विचारतो. निम्म्याहून जास्त मुलं म्हणतात, नाही सर, 0.6 सेकंदावर कशाला. मग सावकाश दाखवतो. बचाव करणारा खेळाडू सरळ वर उडालेला नाही, पुढे येऊन शूटरच्या अंगावर गेला आहे. पहिल्या मिनिटाला फाऊल असेल तर शेवटच्या सेकंदालाही फाऊल आहे. ती शिट्टी वाजवायला फार मोठं धैर्य लागलं असणार, आणि ती बरोबर होती. नंतर दुसरा तुकडा दाखवतो, सुटलेला डबल ड्रिबल. तिघांनाही तो दिसला नाही, आणि नियमाप्रमाणे तो व्हिडिओवर तपासताही येत नव्हता. एकाच सामन्याच्या शेवटी, काही सेकंदांच्या अंतराने, अत्यंत धाडसी बरोबर निर्णय आणि सरळ सुटलेली चूक. आता द्या गुण. याला पुढे पाठवायचं की नाही? मुलं बराच वेळ भांडतात, आणि मला तेच हवं असतं.

त्या तिघांच्या बाबतीत त्या वर्षी हा प्रश्नच नव्हता, कारण पुढे जायला फेरी उरली नव्हती. आणि 2020 ची स्पर्धा कोरोनामुळे झालीच नाही.

चुकीशिवायही माणूस बाहेर जातो, याचं एक विलक्षण उदाहरण मार्च 2024 चं. महिलांच्या कॉलेज स्पर्धेत पहिल्या फेरीच्या एका सामन्यात, मध्यंतरानंतर तीनपैकी एक रेफरी मैदानावर परतलीच नाही. तिच्या जागी दुसरी रेफरी आली. नंतर कळलं की खेळणाऱ्या दोनपैकी एका विद्यापीठातून तिने पदव्युत्तर शिक्षण घेतलं होतं, आणि हे सामना सुरू झाल्यावर लक्षात आलं. पहिल्या अर्ध्या वेळातल्या तिच्या निर्णयांमुळे हे झालेलं नव्हतं. तटस्थता जपायला हवी, यात वाद नाही. पण ही तपासणी नेमणूक करताना व्हायची असते. चूक कागदांची, आणि दूरदर्शनवर सगळ्यांदेखत उठावं लागलं तिला.

महिला रेफरींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. व्हायलेट पामर 1997 मध्ये एनबीएत आली. प्लेऑफचा पहिला सामना तिला 2006 मध्ये मिळाला. तिच्यानंतर प्लेऑफला उभी राहणारी पुढची महिला, ॲशली मोयर-ग्लाइक, आली ती थेट 2024 मध्ये. या काळात एकही बाई त्या योग्यतेची नव्हती हे मला पटत नाही. माझ्या जिल्ह्यात मी जे बघतो ते असं की मुलाने ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकणं) सोडलं तर ‘सुटलं त्याचं’ म्हणतात, आणि मुलीने सोडलं तर ‘तिला झेपत नाही’ म्हणतात. पुढच्या दिवशी ती स्कोअरशीटवर. स्कोअरशीट सुरेख लिहिते म्हणून तिचं कौतुकही होतं, आणि त्या कौतुकात तिची शिट्टी कायमची हरवते. आमच्याकडच्या दोन अतिशय चांगल्या मुलींनी अशाने कोर्ट सोडलं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता आपल्याकडचं. आपल्या स्पर्धांत रात्री जेवणानंतर दुसऱ्या दिवसाची यादी लागते. हल्ली व्हॉट्सॲपवर येते. निवड करणारे लोक वाईट नसतात, बहुतेक जण स्वतः उत्तम रेफरी होते. पण एकाच वेळी दोन-तीन कोर्टांवर सामने चालू असतात, सगळे बघणं कुणालाच शक्य नसतं, आणि लेखी काहीच नसतं. मग काय लक्षात राहतं? जिथे आरडाओरडा झाला तो सामना. कोणत्या प्रशिक्षकाने खुर्ची आपटली. कुणाचा फोन आला. ज्या सामन्याबद्दल कुणी काही बोललं नाही तिथले रेफरी चांगले, असा हिशोब आपोआप होतो.

काही वर्षांपूर्वी एका राज्यस्तरीय स्पर्धेत माझ्या बरोबरीच्या एका रेफरीचं असंच झालं. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. साखळी सामन्यांत त्याने जे काम केलं तसं मी क्वचित बघितलं आहे. पहिल्या पाच मिनिटांत हाताने अडवणं बंद करून टाकायचा, मग दोन्ही संघ आपोआप पाय हलवून बचाव करायला लागायचे आणि खेळ सुंदर व्हायचा. उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या चालीत एका खेळाडूचा पाय साइडलाइनवर पडला आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं, कारण त्याच वेळी समोर होणारी स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं) तो बघत होता. हरलेल्या संघाने दंगा केला. रात्रीच्या यादीत त्याचं नाव टेबलला होतं.

उपांत्य सामना ज्याला मिळाला त्याच्याबद्दल मला राग नाही, पण तो सामना मी बाकावर बसून पूर्ण बघितला. पोस्टमध्ये (रिंगजवळच्या भागात) कोपर चालू होती, कटर्सना, म्हणजे चेंडूशिवाय रिंगकडे धावणाऱ्यांना, धरून ठेवलं जात होतं, आणि तो काही वाजवत नव्हता. दोन्ही बाजूंना सारखंच सोडत होता म्हणून कुणी तक्रार केली नाही. लहान चणीचे, वेगवान खेळाडू त्या सामन्यात दिसेनासे झाले. ज्या संघाने वर्षभर कटिंगचा सराव केला होता त्यांना तो खेळताच आला नाही. त्या माणसाला फायनल मिळाली.

तिथे जी तरुण मुलं ड्यूटीला आली होती, त्यांनी हे दोन्ही बघितलं. त्यांना कुणी भाषण द्यायची गरज नव्हती. पुढच्या हंगामात त्यांच्यातल्या दोघा-तिघांसोबत मी कोर्टवर उभा राहिलो तेव्हा स्पष्ट जाणवलं की शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या शिट्ट्या कमी होतात. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये जो फाऊल होता तो चौथ्यात राहिला नाही. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, वाजवून चुकलो तर व्हिडिओ फिरतो. न वाजवून चुकलो तर कोण विचारतं?’ एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याला दोष देणं मला जमलं नाही.

चुकीचा परिणाम पुढच्या फेरीवर व्हायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खेळाडूंनी वर्षभर घाम गाळलेला असतो, त्यांना त्या दिवशीचे सर्वांत चांगले रेफरी मिळाले पाहिजेत. माझा आग्रह एवढाच आहे की सर्वांत चांगलं कोण हे ठरवताना आपल्या सामन्याची पूर्ण चाळीस मिनिटं मोजा. फक्त शेवटची चाल मोजली तर आपण चांगल्या रेफरींऐवजी शांत राहणारे रेफरी वर पाठवतो, आणि मग राष्ट्रीय पातळीवर आपली मुलं थोडीशी कडक शिट्टी लागली की पहिल्या क्वार्टरमध्येच दोन-दोन फाऊल घेऊन बसतात, कारण त्यांना घरी कुणी तसं वाजवलेलंच नसतं.

गेल्या हंगामापासून निरीक्षक म्हणून बसताना मी एक साधा तक्ता वापरतो. एनबीएचे तेच चार शेरे, मराठीत, आणि शेजारी वेळ, कोर्टावरची जागा, कोणाच्या नजरेचा भाग होता, आणि सामन्याची स्थिती. वाजलेली प्रत्येक शिट्टी लिहितो. सोडलेल्या सगळ्या गोष्टी लिहिणं शक्य नसतं, पण ज्या खेळाला अडथळा आणतात त्या लिहितो. सामना संपला की तिघांसोबत पंधरा मिनिटं बसतो. आधी त्यांना बोलू देतो. बहुतेक वेळा माझ्या तक्त्यातल्या निम्म्या चुका त्यांनीच सांगितलेल्या असतात, आणि ज्याला स्वतःची चूक आधी दिसते त्याला मी पुढच्या फेरीसाठी झुकतं माप देतो. हे माझं वैयक्तिक मत आहे, नियमात कुठे नाही.

एका कोर्टावर तिवईला मोबाइल लावून पूर्ण सामना रेकॉर्ड करायचा खर्च शून्याच्या जवळ आहे. आपल्या पालकांपैकी कुणी ना कुणी तो आधीच करत असतो, फक्त स्वतःच्या मुलापुरता. आयोजकांनी तो व्हिडिओ मागून घ्यावा. आणि ज्याचं नाव यादीतून कापलं त्याला त्याच रात्री, यादी लावायच्या आधी, बाजूला घेऊन कारण सांगावं. दोन वाक्यांत सांगितलं तरी चालेल. नानजिंगच्या त्या रेफरींना निदान एवढं तरी माहीत होतं की कोणत्या चालीसाठी आपण थांबलो.

आमच्या जिल्ह्याच्या आंतरशालेय स्पर्धेत या वर्षी उपांत्यपूर्व फेरीपासून हा तक्ता वापरायला आयोजकांनी होकार दिला आहे. कोऱ्या तक्त्याची प्रत ज्यांना हवी असेल त्यांनी कळवा, पाठवून देतो. तुमच्याकडे वापरून बघा आणि काय जमलं नाही ते मला लिहा. विशेषतः सोडलेल्या शिट्ट्यांचा रकाना कसा भरावा याबद्दल मला अजून समाधानकारक पद्धत सापडलेली नाही.